आमचं तेल तुमच्याकडे जातं ना?

२०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट, जकार्तातली. ऑफिसमधून घरी जाताना मी सुपरमार्केटमध्ये शिरले होते. घ्यायचं काहीच नव्हतं, फक्त तेलाचा रॅक बघायचा होता, त्या दिवसांत ते माझं रोजचंच झालेलं. एरवी जिथे पामतेलाच्या पिशव्या एकमेकींवर रेलून बसलेल्या असायच्या तिथे नुसतं पांढरं पत्र्याचं शेल्फ, वर चिकटवलेला कागद, एका माणसाला दोन लिटर, भाव लिटरला १४,००० रुपिया, आणि रिकामी जागा फार दिसू नये म्हणून बाजूच्या चिली सॉसच्या बाटल्या पुढे ओढून ठेवलेल्या. मी फोन काढून फोटो घेतला. शेजारी एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ, हातात रिकामी टोपली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि विचारलं, कुठून आलीस म्बाक, म्हणजे ताई? मी म्हटलं, इंडिया. त्या हसल्या, एकदोन हिंदी सिरियलींची नावं घेतली, इथे सगळेच घेतात, आणि मग अगदी सहज, आवाज न चढवता म्हणाल्या, आमचं तेल तुमच्याकडे जातं ना?

हो, जातं, मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि अंड्यांच्या दिशेने निघून गेल्या. एवढंच. पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना, कारण माझ्या खांद्यावरच्या बॅगेत त्या क्षणी त्याच प्रश्नाचं उत्तर होतं, महिन्यावार, टनांत आणि डॉलरमध्ये, कोणत्या बंदरातून किती गेलं इथपर्यंत. आणि त्या बाईंना त्यातला एकही आकडा नको होता. त्यांना काय हवं होतं ते मला नीट कळलं होतं आणि त्यावर बोलायचा अधिकार मला नव्हता. मी आपल्या वकिलातीच्या कमर्शियल विंगमध्ये काम करते, लोकल स्टाफ म्हणून, मार्केट रिसर्च आणि इकॉनॉमिक रिपोर्टिंग बघते. इंडिया-बेस्ड अधिकारी तीन वर्षांनी बदलतात, आम्ही तिथेच असतो. गोपनीय काही आमच्यापर्यंत येत नाही आणि यावंही नाही, आमचं सगळं उघड्यावरचं, पेपर, सरकारी आकडे, बाजार, माणसं.

वकिलात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिसाची रांग येते नाहीतर झुंबरांखालची पार्टी. माझा दिवस सुरू होतो तो कोम्पास, बिस्निस इंडोनेशिया आणि कोंतान या पेपरांनी. कोळसा, निकेल, पामतेल, साखर, तांदूळ, वाहनांचे सुटे भाग, औषधांचे नियम, जे जे भारताशी चिकटलेलं असेल त्यावर खूण करायची. मग ट्रेड इन्क्वायऱ्या, कुणाला मिरची विकायचीय, कुणाला इथल्या खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, कुणी नुसतंच लिहितं की आमची कंपनी दर्जेदार माल बनवते, खरेदीदारांची यादी पाठवा. प्रत्येकाला आधी विचारायचं, एचएस कोड काय, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक. दर महिन्याला इथलं सांख्यिकी खातं, बे-पे-एस, व्यापाराचे आकडे जाहीर करतं आणि त्या सकाळी आमच्या खोलीत कुणी गप्पा मारत नाही. खोलीला खिडकी आहे पण ती समोरच्या इमारतीच्या काचेवर उघडते, एसी इतका गार की शाल खुर्चीवरच असते, आणि दुपारी पाऊस सुरू झाला की तो दिसत नाही, फक्त खालच्या मोटरसायकलींचा आवाज अचानक थांबतो त्यावरून कळतं, सगळे रेनकोट घालायला फ्लायओव्हरखाली थांबलेले असतात.

हे काम काही आजचं नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामं लिहिलीयत, त्यात एक आहे, यजमान देशातली परिस्थिती आणि घडामोडी सर्व कायदेशीर मार्गांनी जाणून घेणं आणि आपल्या सरकारला कळवणं. माझी नोकरी त्या एका ओळीत बसते. पण त्याच्या खूप आधी आपल्याकडे कौटिल्याने दूताला सांगून ठेवलंय की परक्या राज्याचे किल्ले आणि विस्तार तर बघच, पण तिथली संपत्ती कशात आहे, लोक कशावर जगतात तेही बघ. आणि पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीत बसून पत्रं धाडत होतेच की. जुनी मराठी पत्रं चाळताना मला कायम एक गोष्ट खेचून घेते, फौज कुठवर आली, कोण कुणाला फितूर झालं हे लिहितालिहिता मधेच धान्याची धारण येते. रुपयाला किती शेर. लढाईची बातमी आणि ज्वारीचा भाव एकाच कागदावर, त्याच शाईत. लिहिणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आम्ही मात्र आता पोलिटिकल वेगळं, इकॉनॉमिक वेगळं, कमर्शियल वेगळं असे कप्पे करून बसलोय, आणि भाव सगळ्यात शेवटी, परिशिष्टात.

आकड्यांचंही एक सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं दोन देशांचा व्यापार म्हणजे एक आकडा असतो. नसतो. दुमाई बंदरातून क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं, पामतेल भरून निघालेलं जहाज इंडोनेशिया आपल्या निर्यातीत नोंदवतं ते एफओबी भावाने, म्हणजे बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव. तेच जहाज हफ्त्या-दीड हफ्त्याने कांडल्याला लागलं की आपण आयातीत नोंदवतो ते सीआयएफ भावाने, म्हणजे भाडं आणि विमा धरून. इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. मार्चअखेरीला निघालेलं जहाज तिकडे पुढच्या आर्थिक वर्षात जमा होतं. कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, १५११ म्हणजे पामतेल, पुढे १० लागलं की क्रूड, पण सातव्या-आठव्या आकड्यापासून प्रत्येकाचं आपापलं. शिवाय काही माल सिंगापूरच्या कंपनीच्या नावावर विकला जातो, मग कागदावर देश कोणता धरायचा यावरून वेगळाच घोळ. बैठकीत दोन बाजूंचे अधिकारी आपापला आकडा घेऊन बसतात, दोघांचेही बरोबर असतात, आणि त्यातला फरक कशाने पडला हे समजावणारा एक पानभर कागद आदल्या रात्री मी तयार केलेला असतो. मला हे काम मनापासून आवडतं. दोन्ही बाजूंना हातचं काही लपवायचं नसताना आकडे जुळत नाहीत आणि मग आपण शांतपणे एकेक पदर उलगडत नेतो, त्या फरकाचा प्रत्येक तुकडा कुठून आला ते सापडत जातं, यात फार समाधान आहे.

पण तेलाच्या त्या महिन्यांत आकड्यांनी फारसा आधार दिला नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या पामतेल उत्पादक देशात तळायला तेल मिळेना. सरकारने १९ जानेवारीला सगळ्या पॅकबंद तेलाला एकच भाव ठरवून दिला, लिटरला १४,०००, म्हणजे आपले सत्तर-पंच्याहत्तर रुपये. १ फेब्रुवारीपासून सुट्ट्या तेलाला त्याहून कमी, ११,५००. निर्यातदारांवर बंधन घातलं की इतका हिस्सा देशातच विका, आधी वीस टक्के, मग मार्चमध्ये तीस. बाहेर भाव चढता, आत भाव बांधलेला, त्यात २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल अडकलं, सगळं जग पामतेलाकडे वळलं. सरकारी डॅशबोर्डवर रोज सरासरी भाव यायचा, दशांश चिन्हासकट. आणि पासारमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, गेलं की बाया प्लास्टिकचे कॅन घेऊन पहाटेपासून रांगेत. काही गावांत तर तेल घेतलं की बोटाला शाई लावत होते, मतदानाला लावतात तशी, एकाच माणसाने दोनदा घेऊ नये म्हणून. डॅशबोर्डवरचा भाव खोटा नव्हता, त्या भावात तेल विकायला बांधलेले होतेच सगळे, फक्त त्या भावात तेल नव्हतं. हे वाक्य मी नोटमध्ये लिहिलं तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या कौन्सिलरांनी, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, हे ठेव, हे वर घे.

मग १६ मार्चला सरकारने पॅकबंद तेलाचा बांधलेला भाव काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मी त्याच सुपरमार्केटमध्ये गेले. रॅक भरलेला. वरपासून खालपर्यंत, सोनेरी पिशव्या, मागच्या ओळीपर्यंत ठासून, लिटरला चोवीस-पंचवीस हजार. सॉसच्या बाटल्या परत आपल्या जागी. एका रात्रीत एवढं तेल कुठून आलं हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला कळत होतं आणि कुणी मोठ्याने काही बोलत नव्हतं, पिशवी उचलायची, भाव बघायचा, ठेवून द्यायची. एका काकांनी दोन पिशव्या उचलल्या, एक परत ठेवली. मला आठवतं, मी त्या दिवशी फोटो काढला नाही. काढायला हरकत काहीच नव्हती, हात वर गेला नाही इतकंच.

रमजान सुरू झाला. संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी रस्त्यांच्या कडेला गोरेंगानच्या गाड्या लागतात, केळी, टोफू, रताळं, भाज्या, सगळं पिठात घोळवून तळलेलं, लवंगेच्या सिगारेटींचा वास आणि गरम तेलाचा वास एकत्र येऊन त्या वेळेला जकार्ताची हवा जड होते. भाव तोच ठेवून तुकडे लहान झाले होते. महागाईचं एवढं स्पष्ट मोजमाप मी कुठल्या टेबलात बघितलेलं नाही. मी विचारत राहायचे, तेल कुठून आणता, दिवसाला किती लागतं, किती वेळा वापरता. बहुतेक जण बोलायचे, लोकांना आपल्या धंद्याबद्दल कुणी नीट विचारलं की बोलावंसं वाटतं, हे मला या नोकरीने शिकवलं. कुणी विचारायचं, कशासाठी लिहून घेतेस? मी खरं ते सांगायचे, भारताच्या वकिलातीत काम करते. त्यावर एकजण म्हणाला होता, मग तुमच्या लोकांना सांग ना थोडं कमी खा.

तो चिडून म्हणाला नव्हता. मीही हसले. पण घरी जाताना विचार करत होते की कमी खा कुणाला सांगायचं, कारण आपल्याकडे पामतेल सगळ्यात जास्त जातं ते ज्याला दुसरं परवडत नाही त्याच्याच पोटात. वड्याच्या कढईत, फरसाणात, बिस्किटात, खानावळीत. आपण आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यातला मोठा वाटा पामचा, तो मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाचा. म्हणजे इथली गोरेंगानवाली बाई आणि तिथली भजीवाली बाई एकाच टाकीतून तेल घेतायत आणि दोघींनाही ते माहीत नाही. आणि त्या टाकीला तिसराही एक नळ आहे, इथे तेव्हा डिझेलमध्ये तीस टक्के पामतेलाचं बायोडिझेल मिसळत होते, म्हणजे ट्रकही त्याच रांगेत उभा.

२२ एप्रिल, शुक्रवार. राष्ट्राध्यक्ष विडोडोंनी संध्याकाळी जाहीर केलं की २८ तारखेपासून खाद्यतेल आणि त्याच्या कच्च्या मालाची निर्यात बंद. पुढचा पूर्ण आठवडा माझा फोन गरम होता, अक्षरशः, कानाला चटका बसायचा. भारतातले आयातदार, दलाल, रिफायनरीवाले, सगळ्यांचा एकच प्रश्न, कच्चा माल म्हणजे नक्की काय, क्रूड धरलंय का? मंगळवारी मंत्र्यांनी सांगितलं, बंदी फक्त आरबीडी पामोलीनवर, म्हणजे शुद्ध करून झालेल्या तेलावर. आपल्याकडे सुटकेचा नि:श्वास, कारण आपण क्रूडही भरपूर घेतो. बुधवारी रात्री, बंदी लागू व्हायला काही तास राहिले असताना, क्रूडसकट सगळंच बंद. इथे ईदची सुट्टी सुरू होत होती, दोन वर्षांच्या कोविडनंतर पहिल्यांदाच मुदिकला, गावी जायला, परवानगी मिळालेली, अख्खं शहर पोरंबाळं आणि पुठ्ठ्याचे खोके घेऊन हायवेवर, आणि मी सरकारी खात्यांतले फोन लावत बसलेली. जे उचलत होते ते गाडीत होते, मागे लहान मुलांचा गलका. तरी लोकांनी मदत केली, ते मी विसरणार नाही. २७ तारखेपर्यंत ज्याला कस्टम्सचा नोंदणी क्रमांक मिळालाय तो माल जाऊ शकतो, हे एका वाक्याचं स्पष्टीकरण मिळालं तेव्हा बेलावान आणि दुमाईला थांबलेल्या जहाजांचे मालक तिकडे श्वास रोखून बसले होते.

त्याच आठवड्यात आईचा फोन. तेलाचा डबा किती महाग झालाय, टीव्हीवर दाखवतायत इंडोनेशियाने बंद केलं, तू तिथेच आहेस ना, का बंद केलं ग त्यांनी? मी सांगायला लागले, अगं इथल्या लोकांनाच मिळत नव्हतं. आई गप्प झाली आणि मग म्हणाली, हो का, त्यांनाही नव्हतं मिळत? आपल्या बातम्यांत ते नव्हतं. आणि इथल्या बातम्यांत, खरं सांगायचं तर, भारतातलं कुठलं घर नव्हतं. बंदी म्हणजे कंपन्यांना धडा, एवढंच होतं.

मला पगार मिळतो तो आपल्या देशासाठी डोळे उघडे ठेवायचा, आणि त्यात मला काडीचीही शंका नाही. बंदी उठावी असं मला वाटत होतं, कामाचा भाग म्हणूनही आणि आईच्या डब्यासाठीही. पण बंदी उठली की ज्या बाईच्या टोपलीत पिशवी परत महाग पडणार होती तिचा चेहरा मी बघितलेला. हे दोन्ही एकाच वेळी मनात घेऊन नोट लिहायची, आणि नोट दीड पानाची. निवांत वेळी मला वाटतं की आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आकडे मिळवणं नसून ही आहे, दोन्ही घरांतली चूल दिसते आणि लिहायचं एका घराच्या बाजूने.

मे महिन्यात मग तिसरं घर दिसलं, ज्याचा सुरुवातीला कुणीच विचार केला नव्हता. पाम लावणारा शेतकरी. इंडोनेशियातल्या पामच्या लागवडीपैकी जवळपास चाळीस टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. पामचा घड एकदा तोडला की एक-दोन दिवसांत गिरणीत जायलाच हवा, नाहीतर तेलाचा कस जातो. निर्यात थांबली, बंदरातल्या टाक्या भरत आल्या, गिरण्यांनी घड घेणं कमी केलं, भाव कोसळले. सुमात्रातल्या एका शेतकरी संघटनेच्या माणसाशी मी फोनवर बोलत होते, तो सांगत होता झाडावर पिकलेले घड तसेच सोडलेत, तोडायची मजुरी निघत नाही. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता आणि तो अतिशय हळू, समजावून, मला कळेल अशा भाषेत बोलत होता. १७ मेला शेतकरी जकार्तात मोर्चा घेऊन आले. १९ ला राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, २३ पासून निर्यात खुली.

त्या दिवसांत दिल्लीहून सतत विचारणा व्हायची, उद्योग भवनातून, साऊथ ब्लॉकमधून, बंदी किती दिवस? त्याचं उत्तर मंत्र्यांच्या निवेदनांत नव्हतं. ते होतं टाक्यांच्या पातळीत आणि घडाच्या भावात, आणि तिथपर्यंत पोचायचं तर त्या शेतकऱ्याला फोन करून अर्धा तास ऐकून घ्यायला लागतं. मला कधीकधी नातेवाईक विचारतात, सगळं नेटवर असतं तर सरकार तिकडे माणूस कशाला ठेवतं. मला वाटतं यासाठी. समोरच्याच्या घरात कशाची टंचाई आहे आणि कुणाचा माल सडतोय हे माहीत असलं तर आपल्या घरात काय होणार हे आधी कळतं. दया म्हणून नाही म्हणत मी, साधा कामाचा उपयोग म्हणून म्हणतेय. अर्थात दयाही असेल त्यात, असू दे.

आणि या सगळ्याच्या मध्यावर, तेलबंदी चालू असतानाच, १३ मेला, पुन्हा शुक्रवारीच, भारताने गव्हाची निर्यात बंद केली.

मार्चमध्येच उत्तरेत उन्हाने कहर केला होता, दाणा भरायच्या वेळेला आटला, उत्पादन घटलं, युद्धामुळे जगात गहू महाग. निर्णय का झाला ते समजत होतं. पण आता फोनची दिशा बदलली. इंडोनेशियात गहू जवळजवळ पिकतच नाही, सगळा बाहेरून येतो, आणि इथला माणूस नूडल्सवर किती अवलंबून आहे ते कुठल्याही वारुंगच्या, म्हणजे टपरीवजा दुकानाच्या, भिंतीकडे बघितलं की कळतं, पाकिटांच्या माळा लटकत असतात. इथल्या पीठ-व्यवसायातले एक गृहस्थ, ज्यांना मी गेले महिनाभर तेलासाठी सतावत होते, त्यांचा सोमवारी सकाळी फोन. अतिशय नम्र. म्हणाले, म्बाक, तुमच्या नोटिफिकेशनमध्ये लिहिलंय की आधी उघडलेल्या एलसीचा, म्हणजे बँकेच्या हमीपत्राचा, माल जाईल, पण ती तारीख नक्की कुठली धरायची? लोड झालेलं जहाज सुटेल का? मी तीन आठवड्यांपूर्वी त्यांना विचारलेला प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत. मी नोटिफिकेशन उघडून ओळ वाचून दाखवली, रद्द न करता येणारं एलसी, आणि दुसरी वाट म्हणजे त्यांच्या सरकारने अन्नसुरक्षेसाठी केलेली विनंती. ते थँक्यू म्हणाले, आणि मग थोडं थांबून म्हणाले, तुमच्याकडेही पिठाचा भाव वाढलाय का हो? मी म्हटलं, वाढलाय. अच्छा, म्हणाले, मग समजू शकतो.

त्यांच्या त्या अच्छामुळे मी त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये एक परिच्छेद जास्तीचा घातला, स्थानिक बाजारातली परिस्थिती या नावाने. भाव, रांगा, गोरेंगानचे लहान झालेले तुकडे, घड न तोडलेली झाडं. सरांनी वाचला, दोन वाक्यं कमी केली, परिच्छेद ठेवला. मग तो दर महिन्याला जायला लागला. पुढचे सर आले, त्यांनी विचारलं हे कशासाठी, मी सांगितलं, त्यांनीही ठेवला. कधी त्यात कोळसा असतो, कधी कांदा, कधी तांदूळ. २०२३ च्या जुलैत आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा पासारमधल्या तांदळाच्या गोण्यांवरची पाटी मी त्यातच लिहिली होती.

हल्लीच एका सेमिनारला, चहाच्या वेळात, इथल्या व्यापार मंत्रालयातल्या एका तरुणाशी ओळख झाली. त्या काळात तो दिल्लीत होता, त्यांच्या वकिलातीत ट्रेड अटॅशेच्या ऑफिसला. म्हणजे ज्या दिवसांत मी इथे तेलाचे रॅक बघत फिरत होते त्या दिवसांत तो तिथे किराणा दुकानांतून पिठाचे भाव टिपत होता, आणि मला हे इतकी वर्षं सुचलंही नव्हतं की समोरच्या टोकाला माझ्यासारखंच कुणीतरी असणार. आम्ही दोघं टेबल सोडून खिडकीपाशी गेलो आणि तास कसा गेला कळलं नाही. तुला किती पानं मिळायची? एक. मला दीड. तुझं काय कापलं जायचं? तो म्हणाला, शेतकरी. त्याने लिहिलं होतं की गव्हाला क्विंटलमागे २,०१५ रुपये हमीभाव असताना बाहेर व्यापारी जास्त देत होते, उन्हाने पीक गेलेल्या शेतकऱ्याला निदान भाव तरी मिळत होता, आणि निर्यातबंदीने तोही खाली आला. वरून शेरा आला, आपला संबंध पुरवठ्याशी, हे काढा. त्याने काढलं, पण त्याला अजून तोंडपाठ होतं.

मी त्याला सुमात्रातल्या माणसाबद्दल सांगितलं. त्याच्या मामाची त्याच भागात पामची बाग आहे निघाली, चार-पाच एकर, मे महिन्यात घरून त्याला फोन यायचे दिल्लीत, तुमचं सरकार काय करतंय म्हणून. पुढच्या आठवड्यात आम्ही परत भेटतोय. मला त्याच्याकडून दिल्लीच्या मंडईतला तो मे ऐकायचाय, आणि त्याने अट घातलीय की तांदळावर मी तेव्हा काय काय लिहिलं होतं ते मी आधी सांगायचं.